एथिकल टेक्नॉलॉजीचं धोरण लिहायला सांगितलंय, ते कागदावरच राहू नये म्हणून काय करू?

कोरंपान

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमची चाळीसेक जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, अपॉइंटमेंट बुकिंगची सिस्टीम बनवतो, क्लिनिकवाले, सलूनवाले, क्लासवाले असे सगळे वापरतात. मी टेस्टिंगला आहे, नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका मोठ्या क्लायंटने करार करायच्या आधी विचारलं की तुमचं जबाबदार तंत्रज्ञानाचं काही धोरण आहे का, तर आमच्याकडे तसं काही नव्हतंच, मग सरांनी ते माझ्या गळ्यात घातलं, म्हणाले नेटवर बघ आणि दहा-बारा पानांचं काहीतरी छान बनव, दोन आठवडे आहेत.

मला ते तसं करायचं नाहीये आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी एका बाईंचा मेल आला होता. त्यांचे मिस्टर गेले होते, त्यांच्या नावाचं अकाउंट बंद करा आणि माहिती काढून टाका, एवढंच मागणं. सपोर्टच्या मुलाने बटण दाबलं, "आपली माहिती काढून टाकण्यात आली आहे" असा मेल आपोआप गेला. पाच महिन्यांनी त्याच नंबरवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एसएमएस गेला, वर पुढच्या अपॉइंटमेंटला सूट. तो फोन आता त्या बाईंकडे होता. त्यांनी भांडण केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, एकच ओळ लिहिली, "तुम्ही काढलं म्हणाला होतात ना?"

मी शोधायला बसले तेव्हा कळलं की आमच्याकडे डिलीट म्हणजे टेबलातल्या एका कॉलममध्ये ० चा १ होतो, बाकी नाव, नंबर, जन्मतारीख, कुठल्या डॉक्टरकडे किती वेळा गेले, सगळं जागच्या जागी. आणि मार्केटिंगने कधीकाळी सगळ्यांच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये काढून घेतल्या होत्या, एसएमएस त्या शीटवरून जात होते, म्हणजे तो १ बघायचा प्रश्नच नव्हता. यात खोटं कोणीच बोललं नव्हतं हो. सपोर्टच्या मुलाला खरंच वाटत होतं की माहिती गेली. मला ते जास्त लागलं.

आणि "आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो" हे वाक्य त्या दिवशीही आमच्या साइटवर होतंच. म्हणून विचारतेय, ज्यांनी आपल्या कंपनीत हे खरंच अमलात आणलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? आणि एआयचं काय लिहू, कारण आता सरांना त्यात चॅटबॉटही घालायचाय.

---

जुना_डीबीए

ताई, तुमच्या त्या एसएमएससारखा प्रकार मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांत बघितलाय, बावीस वर्षं डेटाबेसच सांभाळतोय. धोरण नंतर लिहा. आधी माहिती कुठून येते आणि कुठे कुठे जाते याचा नकाशा काढा, मोठ्या कागदावर, पेनाने, आणि प्रत्येक टीममधल्या एकेकाला बोलावून विचारा की तुझ्याकडे काय आहे.

मुख्य टेबल सगळ्यांना माहीत असतं. बाकीचं नसतं. टेस्टिंगसाठी लाइव्हची, म्हणजे खऱ्या लोकांच्या चालू डेटाची, कॉपी कोणीतरी कधीतरी घेतलेली असते (तुमच्याकडेही असेल, आधी तेच बघा), लॉगमध्ये (सिस्टीम आपोआप लिहिते त्या नोंदींत) फोन नंबर आणि कधी कधी ओटीपीसुद्धा छापला जात असतो, सेल्सच्या लॅपटॉपवर एक्सेल असतं, एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे यादी पडलेली असते, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलला ॲटॅचमेंट असते, आणि मग बॅकअप, वर्षानुवर्षांचे. तुमचं डिलीट बटण यातल्या फक्त एका ठिकाणी पोचतं, तेही अर्धवट.

मग फॉर्म घ्या. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून तीन गोष्टी विचारा, हे कशाला हवंय, कोण बघणार, कधी काढून टाकणार. जन्मतारीखच घ्या. माणूस सज्ञान आहे का एवढंच हवं असेल तर हो किंवा नाही पुरतं, तारीख कशाला? "पुढे कधीतरी लागेल" हे उत्तर आलं की तो रकाना काढायचा. युरोपचा जीडीपीआर, लोकांच्या खाजगी माहितीबद्दलचा कायदा, मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या पाचव्या कलमात हेच आहे, ठरलेल्या कामासाठी, लागेल तेवढीच, आणि गरज असेल तोपर्यंतच माहिती ठेवा. तो कायदा तुम्हाला लागू असो नसो, ते एक कलम वाचा, भाषा सोपी आहे.

आणि नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही, यावर विसंबू नका. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी केलेले सुमारे दोन कोटी सर्च जाहीर केले, नावाच्या जागी नुसते आकडे होते. काही दिवसांतच पत्रकारांनी त्यातल्या एका आकड्यामागची बाई शोधून काढली, कारण माणूस स्वतःचं गाव, आडनाव, दुखणं हेच तर शोधत असतो. तुमच्याकडे तर कोण कुठल्या डॉक्टरकडे कधी जातो हे आहे. नाव नसलं तरी चार तारखा जुळवल्या की माणूस सापडतो.

शेवटचं, पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारा अपडेट. याला कोणी एथिक्स म्हणत नाही, मी म्हणतो. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीमधून २०१७ मध्ये साधारण १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, ज्या भोकातून गेली त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, चोर मे महिन्यात शिरले. ज्यांची माहिती गेली त्यातल्या कितीतरी लोकांनी त्या कंपनीला ती स्वतःहून दिलेलीसुद्धा नव्हती. लोकांचं आपल्यापाशी ठेवायचं आणि कुलूप बदलायला वेळ नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

---

रेघोटी

काकांशी सहमत. मी डिझाइनमध्ये आहे, माझ्या बाजूचं सांगते, कारण धोरणात डेटा आणि सिक्युरिटी येते पण स्क्रीनवरचं बटण कुणाच्या लक्षातच येत नाही.

मी एका ठिकाणी सबस्क्रिप्शन रद्द करायचे स्क्रीन केले होते. घ्यायला दोन क्लिक लागायचे. रद्द करायला सात स्क्रीन, पाचव्या स्क्रीनवर "मला माझे फायदे गमवायचे आहेत" असं फिकट राखाडी अक्षरात, आणि सातव्यावर सांगायचं की आता फोन करा, ऑफिसच्या वेळात. मी स्वतः रंग निवडला होता तो राखाडी. आकडा सुंदर दिसला, रद्द करणारे कमी झाले, मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. मग एकदा मला युजर टेस्टिंगला बसवलं, समोर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ, त्यांना आम्ही रद्द करायला सांगितलं आणि ते अकरा मिनिटं प्रयत्न करत राहिले. शेवटी म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय वाटतं." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी ते तसं केलं होतं. त्यानंतर मला ते काम जमेना.

अशा युक्त्यांना डार्क पॅटर्न हे नाव २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने दिलं. आता त्याला पैसेही मोजावे लागतात, फोर्टनाइट गेमवाल्या एपिकने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातले साडेचोवीस कोटी हे लोकांकडून नकळत खरेदी करवून घेण्याबद्दलचे होते, बाकीचे मुलांच्या माहितीबद्दलचे.

धोरणात मोजता येईल अशी ओळ घाला ताई. "पारदर्शक अनुभव" असलं काही नको. असं लिहा, घ्यायला जितके क्लिक तितकेच सोडायला. जीडीपीआरच्या सातव्या कलमातही हेच आहे, संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. तुम्ही टेस्टर आहात ना, मग ही टेस्ट केस होऊ शकते, क्लिक मोजा, जास्त आले तर बग टाका. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

हो, आणि स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) एकदा तुमचं बुकिंग करून बघा, डोळे मिटून. दृष्टिहीन माणसाला डॉक्टरची वेळ घेता येत नसेल तर बाकीच्या पानांना काय अर्थ आहे.

---

छोटा_धंदा

सगळं बरोबर आहे, पण एक बाजू इथे कोणी मांडत नाहीये ती मांडतो.

माझी बारा माणसांची कंपनी आहे. मागच्या वर्षी एका क्लायंटला त्यांच्या कामगारांच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा दर पाच मिनिटांनी फोटो घेणारं, कॅमेरा चालू ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं आणि अट ही की कामगारांना सांगायचं नाही. मी म्हटलं सांगून करा, कॅमेरा वगळा, मी करून देतो. नाही म्हणाले. मी काम सोडलं, दुसऱ्या कुणीतरी घेतलं, आणि माझ्याकडे दोन महिने पगार उशिरा झाले. माझ्या माणसांनी तोंडाने काही म्हटलं नाही पण मला दिसत होतं, एकाच्या घराचा हप्ता चुकला.

मी आजही नाहीच म्हणेन. पण धोरण लिहिणाऱ्याने हे स्पष्ट लिहावं की नाही म्हटल्यावर होणारा तोटा कोणाच्या नावावर टाकणार. सेल्सच्या मुलाला टार्गेट तेवढंच ठेवायचं आणि वर सांगायचं की वाईट काम आणू नको, मग तो बिचारा करणार काय? तो आणणारच, आणि पकडला गेला की चूक त्याची.

---

दुसरी_पाळी

छोटा_धंदा, तुम्ही जे केलंत त्याला मनापासून मान. आणि तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

मी कारखान्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. टोयोटाच्या लाइनवर एक दोरी असते, अँडॉन म्हणतात तिला. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकीचं दिसलं तर त्याने ती ओढायची, सुपरवायझर धावत येतो, तिथल्या तिथे सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून कुणाला ओरडायचं नाही, हा त्यातला खरा भाग, दोरी काय कुठेही मिळते.

तर ताईंना माझा प्रश्न, तुमच्याकडे रिलीज, म्हणजे नवीन व्हर्जन लोकांपर्यंत जाणं, कोण थांबवू शकतं? नाव सांगा. पद नको, कमिटी नको, नाव. आणि त्या माणसाने शेवटचं कधी थांबवलं होतं? थांबवल्यावर त्याच्या वर्षाच्या अप्रेझलचं काय झालं? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर बारा काय, बाराशे पानं लिहा.

कमिटीबद्दल मुद्दाम बोललो. गुगलने २०१९ च्या मार्चअखेर एआयसाठी बाहेरच्या तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ जाहीर केलं, त्यातल्या एका सदस्याच्या नेमणुकीवरून कर्मचाऱ्यांनीच आक्षेप घेतला आणि ४ एप्रिलला मंडळ बरखास्त, दहा दिवससुद्धा नाही टिकलं. इतकी मोठी कंपनी. आणि टिकलं असतं तरी त्यांच्या हातात दोरी नव्हतीच, नुसता सल्ला होता.

दुसरी बाजू, दोरी ओढली गेली नाही तर काय होतं, ती फोक्सवॅगनची. २०१५ मध्ये बाहेर आलं की जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायची. ते बनवण्यात हात असलेल्या एका इंजिनिअरला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. असं सॉफ्टवेअर एका माणसाच्या मनात येऊन बनत नाही, त्याच्या कोडचा रिव्ह्यू झाला असणार, टेस्टिंग झालं असणार, कितीतरी जणांच्या डोळ्यांखालून गेलं असणार. टेस्टर लोकांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं, कारण सगळं आपल्या टेबलावरून जातं.

---

उजळणी

एआयचं विचारलंय म्हणून लिहितो, मी मशीन लर्निंगमध्येच आहे.

मॉडेल (जुन्या डेटावरून शिकून अंदाज करणारा प्रोग्राम) ज्या जुन्या निर्णयांवर शिकतं त्या निर्णयांतला दुजाभावही उचलतं. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला एक मॉडेल केलं होतं, आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलेलं, त्यातले बहुतेक पुरुषांचे, तर ते मॉडेल अर्जात "विमेन्स" हा शब्द दिसला की मार्क कमी करायला लागलं. कंपनीने ते बंद केलं, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. पण हा प्रकार निदान दिसतो तरी. जो दिसत नाही तो मला जास्त भीतीदायक वाटतो. २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात एक अभ्यास आला, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत कोणत्या पेशंटला जादा देखभाल द्यायची हे ठरवणारं एक मॉडेल होतं, त्यात वंश हा रकानाच नव्हता. पण "किती आजारी" याऐवजी ते "उपचारांवर किती खर्च होईल" याचा अंदाज करत होतं. आणि कृष्णवर्णीय पेशंटवर तितक्याच आजारपणात आजवर खर्चच कमी झालेला, म्हणून मॉडेलच्या मते ते कमी आजारी. कोणीही वाईट हेतूने काही केलं नव्हतं, नुसतं सोपं पडतं म्हणून एका आकड्याऐवजी दुसरा आकडा घेतला. म्हणून मी आता टीममध्ये पहिलं हेच विचारतो, आपल्याला खरं काय मोजायचंय आणि आपण प्रत्यक्षात काय मोजतोय. आणि निकाल सरासरीत कधीच बघू नका, गटागटाने फोडून बघा, सरासरी ९५ टक्के छान दिसते आणि उरलेले ५ टक्के सगळे एकाच गटातले निघतात.

चॅटबॉटबद्दल, एअर कॅनडाची केस सरांना वाचायला द्या. त्यांच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरात मृत्यू झाल्यावर मिळणारी तिकिटाची सवलत प्रवासानंतरही मागता येते, नियम तसा नव्हता, आणि कंपनीने न्यायाधिकरणापुढे असं म्हटलं की बॉट जे बोलला त्याला तो स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला, साइट तुमची, त्यावरचा शब्द तुमचा, पैसे द्या. तुमचा बॉट क्लिनिकच्या पेशंटशी बोलणार असेल तर त्याने फक्त वेळ द्यावी घ्यावी, औषधाबद्दल एक अक्षर बोलू नये, आणि "माणसाशी बोला" हे बटण पहिल्या स्क्रीनवर असावं.

"अंतिम निर्णय माणूस घेतो" हेही लिहिताना जपून. त्या माणसापुढे दिवसाला तीनशे केसेस असतील तर तो निर्णय घेत नसतो, ओके दाबत असतो. त्याला किती वेळ मिळतो आणि मशीनच्या विरुद्ध जायचं स्वातंत्र्य आहे का, हे लिहा.

---

फोनपलीकडे

मी सपोर्टला आहे, कॉल घेते, म्हणून आधी लिहायला बिचकत होते, पण कोरंपान ताईंनी त्या सपोर्टच्या मुलाबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

चूक आहे हे सगळ्यात आधी आम्हाला कळतं. आणि आम्हाला दिलेल्या स्क्रिप्टमध्ये असतं की "सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये सर". म्हणजे समोरचा खोटा. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण वाचा तुम्ही, होरायझन नावाची हिशोबाची सिस्टीम होती, फुजित्सूची, ती हिशोबात तूट दाखवायची जी नव्हतीच, पोस्टमास्तर हेल्पलाइनला फोन करायचे तर त्यातल्या कितीतरी जणांना सांगितलं गेलं की असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय. १९९९ ते २०१५ मध्ये ९०० च्या वर लोकांना चोर ठरवून शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून ती तूट भरली. शेवटी २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. इतकी वर्षं! आणि त्यातली कितीतरी माणसं सुरुवातीपासून फोन करून सांगतच होती.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, धोरणात लिहा की एकच तक्रार तीन वेगळ्या लोकांकडून आली की ती सपोर्टच्या बाहेर, बनवणाऱ्यांकडे गेलीच पाहिजे, कोणाला विचारायची गरज नको. आणि आठवड्यातून एकदा बनवणाऱ्यांपैकी एकाने आमच्या शेजारी बसून तासभर कॉल ऐकावेत. आमच्याकडे एका मॅडमनी हे सुरू केलं, पहिल्याच महिन्यात दोन अशा गोष्टी सापडल्या की ज्यांबद्दल आम्ही वर्षभर लोकांची माफी मागत होतो.

---

कोरंपान

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस उशिरा येतेय कारण काकांनी सांगितलेला नकाशा काढायला बसले होते.

अकरा ठिकाणं निघाली. मला वाटलं होतं चार असतील. टेस्टिंगच्या सर्व्हरवर लाइव्हची तीन वर्षांपूर्वीची कॉपी होती, माझ्याच टीमने घेतलेली, मी रोज त्यावर काम करत होते आणि एकदाही मनात आलं नाही की ही खरी माणसं आहेत. ती काढली, आता बनावट नावांचा डेटा भरतोय.

दुसरी_पाळी, तुमचे तीन प्रश्न सरांना जसेच्या तसे विचारले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की आत्तापर्यंत थांबवायचा अधिकार माझ्याकडे आहे असं मी समजत होतो पण मी कधीच थांबवलेलं नाही. बारा पानांचा हट्ट सोडलाय त्यांनी. दोन पानं होतील. रेघोटीची क्लिक मोजायची टेस्ट केस घातली, फोनपलीकडे यांचा तीन तक्रारींचा नियम घातला, रिलीज थांबवायला दोन नावं लिहिली, त्यातलं एक सपोर्टचं आहे, आणि छोटा_धंदा, तुमच्यासाठी एक ओळ, धोरणामुळे सोडलेलं काम सेल्सच्या टार्गेटमधून वजा होणार. ती ओळ सरांनी स्वतः लिहिली. चॅटबॉट पुढे ढकललाय.

वाढदिवसाची शीट डिलीट केली. एसएमएसवाल्या कंपनीलाही यादी काढायला लावली आणि काढल्याचं लेखी घेतलं. त्या बाईंना मेल लिहायचा का हे ठरत नाहीये, दोन वर्षांनी पुन्हा आठवण करून द्यायची का, असं वाटतंय. सध्या नाही लिहिला.

आता अडलंय ते बॅकअपवर. काका, जुन्या बॅकअपमधून एकेक माणूस काढायचा कसा? फाइल उघडून बदलणं शक्य नाही असं आमचा सर्व्हरवाला म्हणतोय.

---

जुना_डीबीए

शक्य नाही हे त्याचं बरोबर आहे, आणि उघडायला जाऊही नका, बॅकअप बिघडला तर वेगळंच संकट. दोन कामं करा. बॅकअपला मुदत ठरवा, गरजेप्रमाणे तीन महिने, सहा महिने, कायद्याने काही जास्त ठेवायला लागत असेल तर तेवढंच वेगळं, आणि मुदत संपली की आपोआप पुसला जाईल अशी सोय करा, माणसाच्या आठवणीवर ठेवू नका.

आणि ज्यांची माहिती काढली त्यांच्या नुसत्या आतल्या क्रमांकांची एक यादी ठेवा, नाव नको, फोन नको, फक्त क्रमांक. कधी जुना बॅकअप परत चढवायची वेळ आली की सिस्टीम लोकांसाठी सुरू करायच्या आधी त्या यादीवरून डिलीट पुन्हा चालवायचं, खरं डिलीट, ० चा १ नाही. रिस्टोअरच्या चेकलिस्टमध्येच ती पायरी घाला, म्हणजे रात्री तीन वाजता सर्व्हर पडला आणि घाई असली तरी सुटणार नाही.

ती यादी मात्र त्याच डेटाबेसमध्ये ठेवू नका, वेगळ्या जागी ठेवा. नाहीतर रिस्टोअरबरोबर यादीही जुनी होईल आणि मधल्या काळात ज्यांना काढलं ते सगळे परत येतील.